फुटबॉल न सोडता व्यावसायिक बॉक्सिंग: कर्टिस वुडहाऊसची कारकीर्द आणि साताऱ्यातला माझा भाचा

यवतेश्वरचा वारा

गेल्या रविवारची गोष्ट. इथे साताऱ्यात शाहू स्टेडियमवर सामना होता. माझा भाचा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून खेळतो. दुसऱ्या हाफमध्ये उंच आलेला चेंडू त्याने डोक्याने बाहेर काढला आणि पाय जमिनीला टेकेपर्यंत डाव्या भुवईतून रक्त गालावर उतरलं होतं. कुणाचं कोपर लागलं नव्हतं, डोक्यावर डोकंही आपटलं नव्हतं. चार दिवसांपूर्वी बॉक्सिंगच्या सरावात फुटलेली भुवई होती ती. टाके न घालता नुसती चिकटपट्टी लावून पठ्ठ्या खेळायला उतरला होता. रेफ्रीने नियमाप्रमाणे रक्त थांबेपर्यंत बाहेर बसवलं. मी पाण्याची बाटली घेऊन गेलो तर पहिलं वाक्य, "मामा, आईला सांगू नका."

त्याच रात्री त्याने मनातलं सांगितलं. त्याला व्यावसायिक बॉक्सर व्हायचंय. हौशी नाही, प्रो. आणि फुटबॉलही सोडायचा नाही. वय १९, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, वजन ६३ किलो. पहाटे अजिंक्यताऱ्यावर पळत जातो, संध्याकाळी एक दिवस फुटबॉल, एक दिवस बॉक्सिंग. आमच्या मेहुण्यांचं मत सरळ आहे, दोन दगडांवर पाय ठेवला की माणूस पाण्यात. मला ते म्हणणं पुरतं पटत नाही, कारण ज्याने हे करून दाखवलंय अशा एका माणसाचा मी बरीच वर्षं पाठपुरावा करतोय. त्याच्याबद्दल सविस्तर लिहितो, मग माझी अडचण सांगतो.

कर्टिस वुडहाऊस. जन्म १९८० चा, यॉर्कशायरमधल्या ड्रिफील्ड या लहान गावात वाढलेला. मिडफिल्डर. शेफील्ड युनायटेडच्या पहिल्या संघात मिसरूड फुटायच्या वयात आला, इंग्लंडच्या २१ वर्षांखालच्या संघातून खेळला. २००१ मध्ये बर्मिंगहॅम सिटीने त्याच्यासाठी १० लाख पौंड मोजले. इथवर चढण. पुढे पीटरबरो, मग हल, मग ग्रिम्सबी. ग्रिम्सबी तेव्हा लीग टू मध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या पायरीवर. फुटबॉलवरचं मन उडालं होतं हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय. २००६ साली, २६ व्या वर्षी, जेव्हा मिडफिल्डरची उमेदीची वर्षं सुरू होतात, तेव्हा त्याने बॉक्सिंगचं लायसन्स काढलं.

सप्टेंबर २००६ मध्ये लंडनच्या एका हॉटेलात पहिली लढत. चार राउंडची, गुणांवर जिंकली. आणि त्याच वर्षी तो रश्डन अँड डायमंड्सकडून पुन्हा फुटबॉलही खेळू लागला, आता पाचव्या पायरीवर. पुढची काही वर्षं हा माणूस शनिवारी मिडफिल्डला आणि अधूनमधून रात्री रिंगमध्ये. लोक त्याला गंमत समजत होते. फुटबॉलर आहे, चार लढती खेळेल, जाईल.

२०११ मध्ये त्याची गाठ फ्रँकी गॅविनशी पडली. गॅविन म्हणजे २००७ च्या शिकागोच्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण घेतलेला, हौशी बॉक्सिंगमधला इंग्लंडचा पहिला जगज्जेता. लहानपणापासून ग्लोव्ह्ज घातलेला माणूस. वुडहाऊस हरला, पण पंचांमध्ये एकमत झालं नाही. तो निकाल माझ्या लेखी त्याच्या बऱ्याच विजयांपेक्षा मोठा आहे. २०१२ मध्ये त्याने इंग्लिश लाइट वेल्टरवेट (साडेत्रेसष्ट किलोपर्यंतचा गट) किताब घेतला, २०१३ मध्ये गमावला. त्या पराभवानंतर ट्विटरवर त्याला घाणेरड्या शिव्या देणाऱ्या माणसाच्या शोधात तो गाडी घेऊन थेट शेफील्डला गेला, ती बातमी तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. मला ती बातमी आवडत नाही. लोकांना त्याचं तेवढंच लक्षात राहिलं, याचं वाईट वाटतं.

कारण खरी गोष्ट त्यानंतर घडली. २२ फेब्रुवारी २०१४, हल शहर. ब्रिटिश लाइट वेल्टरवेट किताबासाठी डॅरेन हॅमिल्टनशी १२ राउंड, आणि वुडहाऊस पंचांच्या विभागलेल्या कौलावर जिंकला. ब्रिटिश विजेत्याला मिळणारा लॉन्सडेल पट्टा, १९०९ पासून चालत आलेला. ज्या शहराच्या क्लबकडून तो कधीकाळी फुटबॉल खेळला, त्याच शहरात. त्याच वर्षी जूनमध्ये ग्लासगोजवळ विली लिमंडकडून हरला आणि थांबतो म्हणाला.

आता माझं म्हणणं. सप्टेंबर २००६ ते फेब्रुवारी २०१४ म्हणजे सात वर्षं पाच महिने होतात. रांगेच्या शेवटी उभं राहून पट्ट्यापर्यंत पोहोचायला एवढा वेळ लागला, आणि त्यातली निदान सुरुवातीची वर्षं त्याच्या घरात फुटबॉलचा पगार येत होता. खालच्या लीगचा का होईना, पगार. "दोन दगडांवर पाय" म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही की एक दगड दुसऱ्याला आधार देत होता. माझ्या भाच्याच्या बाबतीत तो दगडच नाही. साताऱ्यात फुटबॉल खेळून त्याला काय मिळतं? बुटाचे पैसेही आम्हीच देतो. मग ती सात वर्षं कुणाच्या जिवावर काढायची?

हे मला कळत नाहीये. ज्यांना रिंगचा, मैदानाचा किंवा घरातल्या अशा पोराचा अनुभव आहे त्यांनी लिहावं. कृपया.

---

निवृत्त सुभेदार

आधी भुवईचं बोलू, बाकीचं मागनं.

टाके घालून घ्या. चिकटपट्टीनं वरनं जखम मिटती, आतनं नाही. भुवईखाली हाडाची कड असते, तिच्यावर कातडी ताणलेली. एकदा उघडलेली जागा लवकर परत खेळवली तर दर वेळी तिथंच फाटणार. प्रो लढतीत रक्त डोळ्यात उतरलं की रेफ्री डॉक्टरला बोलावतो आणि चांगली चाललेली लढत हातातनं जाते. तीन-चार आठवडे ना हेडर, ना स्पारिंग (जोडीदाराबरोबरची सरावाची लढत). दोरीवरच्या उड्या, बॅग, पळणं चालू राहू द्या.

मी पलटणीत नऊ वर्षं बॉक्सिंग केलं. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे सुट्टीवर आलेल्या चुलत्यानं पोराला हाताला पट्ट्या बांधायला शिकवणं हे आमच्याकडं नवल नाही. पट्टी अंगठ्यातनं सुरू करायची, मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या मुळावरनं, मग एकेका बोटाच्या बेचक्यातनं. मूठ उघडली तर सैल आणि मिटली तर गच्च बसली पाहिजे. भाच्याला म्हणावं, डोळे झाकून बांधता यायला पाहिजे. ज्याला पट्टी बांधायचा कंटाळा, त्याची बोटं दोन वर्षात मोडतात.

फुटबॉलवाली पोरं मी रेजिमेंटमध्ये पुष्कळ पाहिली. त्यांचा दम चांगला असतो, पिंढऱ्या तयार असतात, मागं सरकणं जमतं. पण दोन खोडी घेऊन येतात. एक म्हणजे बाजूला सरकताना पाय एकमेकांवरनं टाकतात. मैदानात लेफ्ट बॅकला तसं पळावंच लागतं. रिंगमध्ये पाय ओलांडला त्या क्षणी ठोसा बसला तर माणूस झोपला, मग तो ठोसा हलका का असेना. दुसरी खोड, छाती समोर उघडी ठेवून उभं राहतात. आणि तीन मिनिटं हात वर ठेवायची सवय नसते. पाय ताजे असतात पण दुसऱ्या राउंडला खांदे उतरतात, खांदे उतरले की हनुवटी उघडी पडते. ह्या खोडी जायला दीड-दोन वर्षं जातात. वुडहाऊसनं २६ व्या वर्षी त्या मोडल्या, म्हणून मी त्याला मानतो.

आता विचारतो. पोराच्या हौशी लढती किती झाल्यात? तुम्ही आकडा लिहिला नाहीत.

---

यवतेश्वरचा वारा

सुभेदारसाहेब, काल टाके घातले. चार. लढती अकरा झाल्यात, सात जिंकल्या. जिल्हा आणि विभाग मिळून.

---

निवृत्त सुभेदार

अकरा म्हणजे अजून बारसं झालंय फक्त. ५०-६० होऊ द्या. हौशीत तीन राउंड असतात, तीन-तीन मिनिटांचे. प्रोमध्ये सुरुवात चारापासून, पुढं सहा, आठ, दहा, बारा. ६३ किलोला प्रोमध्ये ग्लोव्ह ८ औंसाचा येतो. सरावात आपण १६ चा घालतो, म्हणजे निम्मा. त्या ग्लोव्हमधनं बोटांची गाठ लागती. आणि पोरगं १९ चं झालं म्हणजे पुरुषांच्या गटात गेलं, तिथं हौशीतसुद्धा २०१३ पासनं हेडगार्ड नाही. भुवई का फुटायला लागली त्याचं हे कारण आहे. उघड्या डोक्यानं खेळायची त्याला अजून सवय नाही.

---

यॉर्कशायरात वाईकर

मी मूळ वाईचा, गेली बरीच वर्षं लीड्सजवळ राहतो. धागा वाचून राहवलं नाही.

खालच्या लीगचा फुटबॉल म्हणजे काय ते सांगतो. इथे पाचव्या पायरीखाली आलात की बरेचसे खेळाडू दिवसा नोकरी करतात. कुणी गवंडी, कुणी प्लंबर, कुणी शाळेत शिकवतो. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सराव, शनिवारी तीन वाजता सामना. मैदानाला लाकडी कठडा, त्यावर हात टेकून चार-पाचशे लोक उभे, आणि खेळाडूने चूक केली तर ओरडणाऱ्याचा चेहरा त्याला दिसतो इतक्या जवळ. पगार आठवड्याचा असतो आणि क्लबवर भरवसा नसतो. वुडहाऊस ज्या रश्डन अँड डायमंड्सकडून खेळला तो क्लब बुटांच्या कारखानदाराच्या पैशावर उभा राहिला होता, डॉक्टर मार्टेन्सवाले. सुंदर स्टेडियम बांधलं, लीगमध्ये चढले, पैसा आटला आणि २०११ मध्ये क्लबच बंद पडला. तेव्हा त्या "दुसऱ्या दगडाबद्दल" फार खात्री बाळगू नका, तोही हलता होता.

आता बॉक्सिंग. टीव्हीवर दिसतं ते शिखर झालं. बाकीचं सगळं छोट्या हॉलमध्ये चालतं. लंडनमध्ये बेथनल ग्रीनचा यॉर्क हॉल प्रसिद्ध आहे, बाकी शहरांत हॉटेलं, क्लब, खेळाचे हॉल. नवा बॉक्सर स्वतःची तिकिटं स्वतः विकतो. मित्र, नातेवाईक, कामावरचे लोक. विकलेल्या तिकिटांतूनच त्याचं मानधन निघतं आणि समोरच्या बॉक्सरला द्यायचे पैसेही. ज्याची दीडशे-दोनशे तिकिटं खपतात त्याला लढती मिळतात. ज्याची खपत नाहीत तो कितीही चांगला असो, दुसऱ्याच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून, बहुतेक हरायलाच, लढायला जातो. तसे लढणारे बॉक्सर इथे आहेत. बर्मिंगहॅमचा पीटर बकली हा ३०० लढती खेळून २००८ मध्ये थांबला, त्यातल्या २५६ हरला. लोक हसतात त्या आकड्याला. मला तो माणूस फार मोठा वाटतो. ३०० वेळा वजन दिलं, ३०० वेळा डॉक्टरांनी तपासलं, आणि पोरांना चार-सहा राउंड शिकवून तो घरी गेला.

इथेच वुडहाऊसचा फुटबॉल कामी आला असणार असं मला वाटतं. ग्रिम्सबी, हल, शेफील्ड, सगळीकडे त्याला ओळखणारे लोक होते. नाव होतं म्हणून तिकीट विकलं जात होतं. तुमच्या भाच्याचं तिकीट कोण घेईल, हा प्रश्न कडवट वाटेल, पण या धंद्यात पहिला तोच विचारतात.

---

लाल माती

वाईकर, तुम्ही सांगितलंत ते आमच्या जत्रेतल्या फडासारखंच निघालं की. जोड लावणारा पंच बसलेला असतो, कोण कुणाला जड जाईल हे त्याला डोळ्यानं कळतं. वर चढणाऱ्या पोराला आधी हलकी जोड, मग जरा भारी. गावाचा पैलवान असला की गर्दी, नारळ, इनाम वाढतं. परगावचा आला की त्याला कमी इनाम आणि शिट्ट्या जास्त.

आणि पोटाचा प्रश्न नवा नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ ला हेलसिंकीला जाऊन कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. एवढं पदक आणलेल्या माणसाला पोलिसात नोकरी लागली ती १९५५ मध्ये, सब इन्स्पेक्टरची. आमच्या वस्तादांनी आम्हाला कुस्तीच्या आधी हे सांगितलं होतं. पोरगं खेळणार असेल तर घरातल्या एकानं तरी खर्डेकर व्हावं लागतं. मामा, तुम्ही व्हा.

---

फिजिओ सांगली

मी सांगलीत प्रॅक्टिस करते. खेळाडू येतात, बरेचसे कुस्ती आणि कबड्डीचे, थोडे फुटबॉलचे. पैशाचं तुम्ही लोक बघा, मी शरीराचं लिहिते. जरा लांबेल.

पहिलं, डोकं. बॉक्सिंगमध्ये मार बसतो हे सगळ्यांना दिसतं. फुटबॉलमधला मार दिसत नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२१ पासून मोठ्या खेळाडूंनासुद्धा सरावात आठवड्याला जोराचे दहाच हेडर घ्यायचा सल्ला दिलाय. लांबून आलेला पास, कॉर्नर, फ्री किक, असे हेडर. स्कॉटलंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंनी सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी सरावात हेडर करू नये असं ठरलं. आता हाच खेळाडू मंगळवारी स्पारिंग करतो, गुरुवारी करतो आणि रविवारी बचावात उभा राहून चेंडू डोक्यावर घेतो. मेंदूला विश्रांतीचा दिवस कुठे आहे? वुडहाऊस मिडफिल्डर होता, तुमचा भाचा लेफ्ट बॅक आहे, त्यातल्या त्यात तेवढं बरं. सेंटर बॅक असता तर मी सरळ नाही म्हटलं असतं.

ब्रिटनमध्ये बॉक्सरचं लायसन्स हवं तर मेंदूचा एमआरआय, डोळ्यांची तपासणी, एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या रक्ततपासण्या कराव्याच लागतात, आणि तिथलं बॉक्सिंग मंडळ नुसतं नाव बघून कुणाला आत घेत नाही. रिओ फर्डिनंडने २०१७ मध्ये बॉक्सर व्हायचं जाहीर केलं, मँचेस्टर युनायटेडचा एवढा मोठा खेळाडू, पण २०१८ मध्ये त्याला लायसन्स नाकारलं. तुम्ही भाच्याचा एक एमआरआय आत्ताच काढून ठेवा, काही झालेलं नसताना. पुढे कधी शंका आली तर ताडून बघायला मूळ चित्र हाताशी असेल.

दुसरं, वजन. इथे दोन्ही खेळ एकमेकांच्या अंगावर येतात. रविवारी ९० मिनिटं खेळायचं, म्हणजे दहा-अकरा किलोमीटर पळणं, तर शुक्रवार-शनिवार भात, पोळी, बटाटा पोटात हवा. त्याच आठवड्यात लढत असेल तर पोरं भात बंद करतात, पाणी तोडतात, अंगात रेनकोट घालून पळतात. असा सुकवलेला स्नायू घेऊन स्प्रिंट मारली की मांडीचा मागचा स्नायू जातो. तो गेला की मागच्या पायावर जोर देता येत नाही आणि जोर नसला की ठोशात ताकद नाही. माझ्याकडे गेल्या हंगामात असाच एक मुलगा आला होता, कुस्तीतला, वजन तोडून दुसऱ्या दिवशी पळण्याच्या शर्यतीत उतरलेला. सहा आठवडे घरी बसला.

म्हणून माझं म्हणणं असं की दोन्ही खेळ वर्षभर एकत्र चालवू नका. लढत ठरली की आधीचे सहा आठवडे फुटबॉल पूर्ण बंद. लढतीनंतर दोन आठवडे काहीच नाही. उरलेल्या दिवसांत खुशाल खेळा.

तिसरं, मन. लिऑन मॅकेन्झीचं नाव या धाग्यात यायला हवं होतं. क्रिस्टल पॅलेस, पीटरबरो, नॉर्विच. एप्रिल २००५ मध्ये नॉर्विचने मँचेस्टर युनायटेडला २-० हरवलं त्यात याचा गोल होता. घराणं बॉक्सिंगचं. वडील क्लिंटन ब्रिटिश विजेते, काका ड्यूक तीन वजनगटांत जगज्जेते. दुखापतींनी फुटबॉल हातातून निसटत गेला तसा हा खोल नैराश्यात गेला, जीव द्यायचाही प्रयत्न केला. पुढे त्याने ते सगळं उघडपणे सांगितलं, इतर खेळाडूंनी बोलावं म्हणून. जून २०१३ मध्ये, ३५ व्या वर्षी, यॉर्क हॉलमध्ये पहिली लढत जिंकला. त्याने कुठवर मजल मारली यापेक्षा रोज सकाळी उठायला त्याला कारण मिळालं, मला त्यात जास्त रस आहे. भाच्याला विचारा, दोन्हीतला कुठला खेळ बंद झाला तर तुला झोप लागणार नाही? उत्तर दोन दिवसांनी द्यायला सांगा.

---

नवा भिडू

मी कोरेगावचा, वय १७, मी पण दोन्ही करतो. घरी माहीत नाही. फिजिओताई, स्पारिंगनंतर डोकं जड वाटतं ते नॉर्मल आहे का?

---

फिजिओ सांगली

नाही, बाळा, नॉर्मल नाही. आज आणि उद्या कुठलाही सराव करू नकोस, आणि डॉक्टरांना दाखव. उलटी, अंधारी, झोप जास्त येणं, उजेडाचा त्रास, यातलं काहीही असेल तर आजच, वाट बघायची नाही. घरी सांग. मला व्यक्तिगत निरोप कर, घरी कसं सांगायचं ते आपण ठरवू.

---

कृष्णाकाठची

मी कराडची. शाळेत खेळ शिकवते. वरच्या मुलाने "घरी माहीत नाही" लिहिलंय आणि मूळ धाग्यात "मामा, आईला सांगू नका" आहे. या दोन वाक्यांवर मी दोन दिवस अडले आहे.

तुम्ही सगळे वुडहाऊसची उदाहरणं देताय. मला केटी टेलर दिसते. आयर्लंडच्या राष्ट्रीय संघातून फुटबॉल खेळलेली मुलगी. लहान होती तेव्हा तिच्या देशात मुलींच्या बॉक्सिंग लढतींना मान्यताच नव्हती, मुलगा म्हणून रिंगमध्ये उतरावं लागायचं. शेवटी तिने बॉक्सिंग निवडलं, २०१२ ला लंडनला महिला बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं त्यात सुवर्ण घेतलं, २०१६ मध्ये व्यावसायिक झाली आणि २०१९ मध्ये लाइटवेटचे सगळे पट्टे तिच्याकडे होते. आणि रिंगच्या तिच्या कोपऱ्यात कितीतरी वर्षं तिचे वडील प्रशिक्षक म्हणून उभे होते, आई स्वतः बॉक्सिंगची पंच होती. स्टेसी कोपलँड घ्या. डॉनकास्टर बेल्सकडून आणि स्वीडनमध्ये फुटबॉल खेळली, मग बॉक्सर झाली, २०१८ मध्ये हरारेला जाऊन कॉमनवेल्थ किताब जिंकला, तो जिंकणारी पहिली ब्रिटिश महिला.

घरातलं माणूस कोपऱ्यात असतं तेव्हा काय होतं माहितीये? जखम लपवली जात नाही. तुमचा भाचा चार दिवस भुवई फुटलेली घेऊन घरात वावरला आणि आईच्या लक्षात आलं नाही असं तुम्हाला वाटतं का? आम्हाला सगळं कळतं. आम्ही फक्त कुणी सांगायची वाट बघतो. दादा, तुमच्या बहिणीला एकदा त्या हॉलमध्ये घेऊन जा.

---

मिरज जंक्शन

पैशाच्या मुद्द्यावर येतो.

कोल्हापूर शेजारी आहे. तिथे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम हे फुटबॉलचे संघ आहेत. नावं बघा, तालीम. एका छपराखाली लाल माती आणि फुटबॉल दोन्ही वाढलं. तिथे कुणी दोन दगड वगैरे म्हणत नाही. शाहू स्टेडियमला (कोल्हापूरच्या) मोठ्या सामन्याला उभं राहायला जागा मिळत नाही आणि चांगल्या खेळाडूला चार पैसेही मिळतात. अनिकेत जाधव तिथलाच, २०१७ ला भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. भाचा खरंच चांगला असेल तर एक हंगाम कोल्हापुरात काढू द्या. वाईकर तिकीट कोण घेणार विचारतात ना, नाव तिथे होतं.

पण दुसरी बाजू. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्याला प्रमाणपत्र लागतं ते मान्यताप्राप्त संघटनांच्या स्पर्धांमधलं. प्रो लढतीतला पट्टा तिथे कामाचा नाही. म्हणजे हौशीत राज्य, राष्ट्रीय खेळायच्या आधी प्रो झाला तर ते दार स्वतःच्या हाताने लावून घेतल्यासारखं होईल. विजेंदर सिंगने क्रम बरोबर ठेवला. २००८ ला बीजिंगचं कांस्य, हरियाणा पोलिसात डीएसपी, आणि मग २०१५ मध्ये मँचेस्टरला जाऊन पहिली प्रो लढत. आधी पायाखाली जमीन घेतली.

आपल्या सांगलीचा संकेत सरगर आठवा. घरची चहा-पानाची टपरी. २०२२ ला बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थमध्ये वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलले, सुवर्णवाल्याने २४९. कोपर दुखावलेल्या अवस्थेत शेवटची उचल मारायला गेला. असे खेळाडू आपल्याकडे आहेत. त्यांना लागतो तो महिन्याच्या एक तारखेला येणारा पगार.

---

यवतेश्वरचा वारा

सगळ्यांना एकेक उत्तर देत बसत नाही, काय घडलं ते लिहितो.

फिजिओताईंचा प्रश्न त्याला विचारला. दोन दिवस लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाला, "फुटबॉल बंद झाला तर वाईट वाटेल. बॉक्सिंग बंद झालं तर मी काय करीन मला माहीत नाही." मग मिरज जंक्शन यांचा आरक्षणाचा मुद्दा वाचून दाखवला. तो गप्प बसला, आणि हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं असं म्हणाला. अकरा लढतींत कुणीच नाही! आम्हा मोठ्या माणसांचं हे अपयश आहे, मी धरून.

ठरलं ते असं. आणखी तीन वर्षं हौशी. राज्य स्पर्धा, जमलं तर पुढे. सोबत पोलीस भरतीची तयारी, पळण्यात तो कमी पडणार नाही. कोल्हापूरला एक हंगाम खेळायचं त्याच्या मनात भरलंय, पण लढतीआधीचे सहा आठवडे बूट पिशवीत राहतील हे त्याने स्वतः कॅलेंडरवर खुणा करून दाखवलं. प्रोचा विषय तेवीसाव्या वर्षी पुन्हा काढू. वुडहाऊस २६ ला आला होता, तेव्हा उशीर होत नाही. एमआरआय पुढच्या आठवड्यात करतोय. लाल माती, खर्डेकरांएवढं मोठं मन माझ्याकडे नाही, पण प्रवासाचा आणि खुराकाचा खर्च मी उचलतो असं मेहुण्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. नाही म्हणाले नाहीत.

आणि कृष्णाकाठची ताई, काल संध्याकाळी बहिणीला घेऊन गेलो. पत्र्याचं छत, खाली सिमेंटवर जुन्या ताडपत्रीचं रिंग, कोपऱ्यात चिंध्या भरलेली बॅग. ती दारातच थांबली. भाच्याने तिला पाहिलं आणि हातातली पट्टी खाली पडली. उलगडत गेली थेट तिच्या पायापर्यंत. तिने ती उचलली, झटकली, गुंडाळत गुंडाळत त्याच्याजवळ गेली आणि त्याची भुवई अंगठ्याने दाबून बघितली. "टाके कधी काढायचेत?" एवढंच विचारलं. शुक्रवारी, तो म्हणाला. मग अर्धा तास ती खुर्चीवर बसून होती. तो नुसत्या दोरीवरच्या उड्या मारत होता, सुभेदारसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे.

परत येताना पोवई नाक्याजवळ तिने मला विचारलं, जिल्ह्याच्या लढती सकाळी असतात की संध्याकाळी. सुभेदारसाहेब, तुम्हाला माहीत असेल तर कळवा, तिला सुट्टी टाकावी लागेल.

---

निवृत्त सुभेदार

वजन सकाळी घेतात, साडेसातच्या सुमारास. लढती दुपारनंतर. वजन झाल्या झाल्या पोराला खायला लागतं, त्यामुळे तिला सकाळीच यायला सांगा. सोबत केळी आणि मऊ भात. तिखट नको.